आखूड पिसांची खेप

१

ती खेप मी नर म्हणून टाकायला सांगितली होती. क्रेट दारापर्यंत गेलेही होते. तेवढ्यात माझी बोटं मला म्हणाली, म्हातारे, थांब.

आमची हॅचरी आहे. अंडी उबवायची, पिल्लं निघाली की त्याच दिवशी नर-मादी वेगळी करायची, माद्या विकायच्या. नरांचं काय करतात ते विचारू नका. अंडी देत नाही त्याला या धंद्यात कोणी पोसत नाही. वेगळं करायची रीत साधी आहे. पिल्लाचा पंख दोन बोटांत उघडायचा. कडेला पिसांच्या दोन ओळी असतात. एक लांब आणि एक आखूड असली की मादी. दोन्ही सारख्याच आखूड असल्या की नर. माझं शिक्षण दुसरीपर्यंत, पण ही दोन बोटं पदवीधर आहेत.

निम्मे नर, निम्म्या माद्या हा निसर्गाचा व्यवहार. त्या दिवशी तिसरा हिस्साही माद्या निघेनात. आखूड, आखूड, आखूड. हात दुखायला लागला तरी आखूडच.

"ही खेप कुठल्या कप्प्याची रे?" मी भाच्याला विचारलं. हा माझ्या भावाचा मुलगा, आमच्याकडे मशीन सांभाळतो.

"डावीकडच्या, आत्या. का?"

"सगळ्या कोंबड्यांनी मुलगेच घालायचा ठराव केला होता का?"

तो हसला नाही. आमच्या घरात महिनाभर कोणी हसलं नव्हतं.

मी क्रेट परत आत आणवले आणि काठी टेकत शेडकडे गेले. माझा थोरला मुलगा त्या शेडमध्ये मेला, त्यानंतर मी तिथं पाऊल ठेवलं नव्हतं.

शेडमध्ये दोन कप्पे, मध्ये जाळी. कोंबड्या दोन्हीकडे एकाच वाणाच्या. फरक फक्त कोंबड्यांच्या नवऱ्यांचा. डावीकडचे नर वेगळ्या वाणाचे, पायात लाल रिंग. त्यांच्या पिल्लांची नर-मादी पिसांवरून कळते. उजवीकडचे नर कोंबड्यांच्याच वाणाचे, पायात हिरवी रिंग. ते फक्त वाण टिकवायला. त्यांची पिल्लं नर काय नि मादी काय, सगळी आखूडच. दिसायला सगळे कोंबडे सारखे पांढरे. रिंग सोडली तर त्यांच्या आईलाही ओळखू येणार नाहीत.

मी खाली वाकून पाय बघितले. डावीकडे लाल होते, हिरवेही होते. उजवीकडे तसंच. आणि निम्म्यांच्या तुऱ्यांवर जुन्या जखमांचे वण. अनोळखी कोंबडे एकत्र आले की एकमेकांचे तुरे फोडतात. वण महिनाभराचे तरी असावेत.

महिन्याभरापूर्वी या शेडमध्ये काय झालं होतं, ते आमच्यापैकी कोणाला विसरता येणार होतं?

२

भर दुपार होती. जेवणं होऊन माणसं पांगली होती. थोरला शेडमध्ये पाण्याच्या सिमेंटच्या पाटाशी पडलेला भाच्याला सापडला. डोक्याची मागची बाजू पाटाच्या काठावर फुटलेली. अ‍ॅम्ब्युलन्सला उशीर झाला, कारण आदल्या दिवशी बायपासवर रस्त्याच्या कामाला झेंडी दाखवणारा मजूर कुठल्याशा गाडीखाली गेला होता आणि लोकांनी रस्ता अडवला होता. ती फिरून येईपर्यंत सगळं संपलं. मी धाकट्याला म्हटलं, कपाटातली हिरवी चादर आण, भावावर घाल. त्यानं तपकिरी आणली. दुःखात माणूस काय बघतो?

पोलिसांनी शेड बघितली. जाळी ताठ, कोंबडे जागेवर, काही विस्कटलेलं नाही. म्हणजे झटापट झालीच नाही, माणूस बेसावध असताना जवळच्याच कोणीतरी ढकललं, असं त्यांचं म्हणणं. थोरल्याच्या नखांत कातडीचे कण मिळाले. डीएनए तपासला, तर माझ्या सुनेचा. धाकट्यानं सांगितलं की सकाळी दोघांचा आवाज चढलेला त्यानं ऐकला. झालं. सून कोठडीत गेली.

माझं आणि सुनेचं कधी जमलं नाही. ती उत्तराला प्रत्युत्तर करते, आणि या घरात ते काम माझं आहे. पण एक गोष्ट मला ठाऊक होती. त्या रिंगा तीच घालते. प्रत्येक कोंबडा तिला पायावरून ओळखू येतो. तिच्या राज्यात रिंगा अशा मिसळल्या नसत्या.

मी पोलीस ठाण्यात गेले. तपास एका बारीक, लांब पायांच्या अधिकारी बाईकडे होता. चालताना मान पुढे काढायची. मी मनात तिचं नाव टिटवी ठेवलं होतं.

"आजी, बसा," ती म्हणाली.

"आजी कोणाची? नातवंड नाही मला. ऐक."

मी सगळं सांगितलं. तिनं मान तिरकी केली. "म्हणजे झटापट झाली. जाळी पडली, कोंबडे मिसळले, मग कोणीतरी आवरलं."

"आवरलं. आणि कसं आवरलं बघ. डावीकडचा कप्पा थोडा मोठा, म्हणून तिथं आम्ही एक कोंबडा जास्त ठेवतो. आजही तिथं एक जास्तच आहे. जाळीची तार आमच्यासारखीच दोन पीळ घालून बांधलीय."

"म्हणजे घरातलाच माणूस."

"घरातलाच. मोजणी बरोबर, वाण चूक."

"घाईत चुकलं असेल."

"ज्यानं मोजायला वेळ काढला, त्याला बघायला वेळ नव्हता?"

टिटवीनं वहीत काहीतरी लिहिलं. मग म्हणाली, "पण हे त्याच दिवशी झालं कशावरून? नंतरही कोणी मिसळले असतील."

मी म्हटलं, "आमच्या अंड्यांवर पेन्सिलीनं तारीख असते. कुठल्या तारखेच्या अंड्यातलं पिल्लू कुठलं, ते ट्रेवरून कळतं, क्रेटही तारखेप्रमाणेच भरतो. तुमचा तो डीएनए माणसांचेच बाप शोधतो, की कोंबड्यांचेही?"

३

कोंबड्यांच्या पोरांचे बाप शोधायला सांगितल्यावर प्रयोगशाळेतली माणसं हसली म्हणे. तरी टिटवीनं हट्ट धरून सगळ्या कोंबड्यांचं आणि पिल्लांचं थेंब थेंब रक्त पाठवलं. अहवाल येईपर्यंत मी सुनेला भेटायला तुरुंगात गेले.

ती वाळली होती. मला बघून म्हणाली, "खेप कशी निघाली?"

"नवऱ्याच्या खुनात अडकलीस आणि खेप विचारतेस?"

"मग काय विचारू? तुमची तब्येत? ती ठणठणीत दिसतेय."

बघा, अशी आहे ती. मी सरळ विचारलं, "त्याच्या नखांत तुझी कातडी कशी आली?"

तिनं मान खाली घातली.  मग पुटपुटली, "खाद्याच्या धुळीनं माझ्या पाठीला खाज सुटते. रोज जेवण झालं की ते खाजवून द्यायचे. तेवढा वेळ आम्ही दोघंच असायचो."

"हे पोलिसांना का नाही सांगितलं?"

"त्या बाईंसोबत पाच पुरुष बसले होते समोर. काय सांगू, माझा नवरा माझी पाठ खाजवायचा? ते आमचं होतं, आई."

मी चष्मा काढून पुसला. 

"आणि सकाळचं भांडण?"

"माझ्याशी नव्हतंच. ते फोनवर कोणावर तरी ओरडत होते. मला एवढंच म्हणाले, आज एकाला खरं बोलायला लावायचंय, स्वतः सोबत जाऊन."

"कोणाला?"

"विचारलं तर म्हणाले, आधी तो बोलू दे." मग तिनं मान वर केली. "तुम्हाला पण वाटतं का, मी केलं?"

"मला वाटतं, भर उन्हात तुझ्याकडून रिंगा चुकणार नाहीत," मी म्हटलं. ते ऐकून ती रडली. महिन्यात पहिल्यांदाच, असं पहारेकरीण म्हणाली.

परतताना ठाण्यात जाऊन मी टिटवीला पाठीचं सांगितलं. ती म्हणाली, "डीएनए कोण ते सांगतो. कधी आणि का, ते नाही सांगत. ते विचारायचं आम्ही विसरलो." पोरगी चूक कबूल करते, हे मला आवडलं. "पण नुसत्या सासूच्या शब्दावर तिला सोडवता येणार नाही. आठवड्यात आरोपपत्र जाईल. त्याआधी मला दुसरा माणूस हवा."

दुसरा माणूस. घरात उरले होते दोनच. भाचा आणि धाकटा.

४

भाच्याला मी मशीनच्या खोलीत गाठलं. "त्या दुपारी कुठं होतास?"

"इथंच. अंडी फिरवत होतो."

"थोरल्याशी तुझं काय बिनसलं होतं?"

त्याचा चेहरा उतरला. "आत्या, मला दुसऱ्या हॅचरीत बोलावलं होतं. दादाला सांगितलं तर तो आठवडाभर बोलला नाही. तेवढंच."

"फोनवर तुलाच ओरडत होता?"

"मी इथंच असतो, आत्या. मला फोन कशाला करेल?"

उत्तर नीट होतं. पण मला ते नीट वाटायला नको होतं.

धाकटा अंगणात डिलिव्हरीच्या गाडीत क्रेट चढवत होता. भाऊ गेल्यापासून शेडची फेरीही तोच एकटा करायचा. "आई, तू नको जाऊस तिथं, तुला त्रास होईल," असं म्हणायचा. शेंडेफळ ना, जीव लावतो. मी गाडीला टेकून उभी राहिले. गाडीचा एक दिवा नवा कोरा, दुसरा पिवळट.

"काय रे, गाडीचा एक डोळा तरुण नि एक म्हातारा?"

"क्रेट आदळला होता, आई."

"कधी?"

"झाले बरेच दिवस." त्यानं दोरी ओढून घट्ट केली. "वहिनी कशी आहे?"

"वाळलीय."

"सुटेल ती," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला.

दुसऱ्या दिवशी टिटवी स्वतः अहवाल घेऊन आली. "थोरला गेला त्या तारखेपर्यंत डावीकडच्या प्रत्येक पिल्लाचा बाप लाल रिंगवाला. हिरव्याचं पहिलं पोर त्यानंतर दोनच दिवसांनी. मग वाढत वाढत निम्म्यावर."

"बरोबर. कोंबडीच्या पोटात जुन्या नराचं बीज काही दिवस टिकतं. नवा आला की हळूहळू त्याचं वरचढ होतं."

"म्हणजे कोंबडे त्याच दुपारी मिसळले. उजेड होता, वेळ होता, माणूस जाणकार होता. आणि तरीही लाल-हिरवं चुकलं." ती थांबली. "असं कोणाचं चुकतं?"

मला एकदम माझे वडील दिसले. बागेत उभे, हातात कच्चा हिरवा टोमॅटो. आई कपाळाला हात लावतेय: पिकलेला आणा म्हटलं होतं ना हो!

"ज्याला लाल आणि हिरवं सारखंच दिसतं, त्याचं," मी म्हटलं. आणि मला गुन्हेगार सापडला, याची मला तेव्हा खात्रीच पटली.

५

"भाचा!" मी म्हटलं. "माझ्या वडिलांची हुबेहूब छबी आहे तो. नाक तेच, चाल तीच. त्यांचा रंगाचा दोष माझ्या भावाकडे आला असणार आणि भावाकडून याच्याकडे. कोंबडा आपला गुण मुलाला देतो तसा मुलीलाही देतो. चाळीस वर्षं हेच बघतेय मी."

 टिटवीनं भाच्याला बोलावलं, टेबलावर रिंगांचा डबा उपडा केला आणि म्हणाली, "लाल वेगळ्या काढ." भाच्यानं दाणे निवडावेत तशा भराभरा काढल्या. एकही चुकली नाही.

"अजून काही, आत्या?" त्यानं विचारलं. त्याला कळलं होतं, मी त्याच्यावर संशय घेतला ते. तो गेला तेव्हा दार त्यानं जरा जोरातच लावलं.

"तुमचं गणित कोंबडीचं आहे," टिटवी म्हणाली. "माणसाला ते लागू होत नाही."

ती मला रक्त तपासलं त्या प्रयोगशाळेत घेऊन गेली. तिथं कपाटात कोंबडीच्या पंखाचा सांगाडा होता, शेजारी माणसाच्या हाताचा. वर एक हाड, खाली दोन, मग मनगट, मग बोटं. पंखात बोटं चिकटून तीनच उरलेली, पण बोटंच.

"एकाच जुन्या मुळातून आलेत दोन्ही," ती म्हणाली. "म्हणून साचा एक."

"म्हणजे मी कोंबडीची चुलत बहीण?"

"फार लांबची."

मी तोंड वाकडं केलं. पण खोटं कशाला बोलू, दिव्यासमोर धरलेल्या अंड्यात चार-पाच दिवसांचा जीव मी हजारदा बघितलाय. शेपूट असते त्याला, आणि तेव्हा तो कोणाचाही असू शकतो.

"पण फांद्या वेगळ्या झाल्यावर मुलगा की मुलगी हे ठरवायची रीत दोघांनी आपापली पाडली," ती पुढं म्हणाली. "आणि ती उलटी पडली. कोंबड्यांत नराची गुणसूत्रांची जोडी सारखी असते, मादीची विजोड. माणसांत बाईची सारखी, पुरुषाची विजोड, एक मोठं, एक छोटं. रंग ओळखण्याची गोष्ट मोठ्यावर लिहिलेली असते. बाप मुलाला छोटं देतो, म्हणून तो मुलगा होतो. मोठं देतो मुलीला."

मी कागदावर रेघा ओढल्या. अक्षरं मला कमी येतात, रेघा येतात. वडील. त्यांच्याखाली भाऊ आणि मी. भावाला छोटं मिळालं. म्हणजे वडिलांचा दोष भावाकडे आलाच नाही, तर त्याच्या पोराकडे कुठून जाणार? दोष मुलीकडे गेला.

"मुलीला त्रास होत नाही," टिटवी हळू आवाजात म्हणाली. "तिच्याकडे आईकडचं दुसरं चांगलं असतं. पण ती आपल्या मुलांना दोन्हींपैकी एक देते. कुठलं, ते तिच्या हातात नसतं."

माझ्या वडिलांना मुलगी एकच होती. मी रेघेखाली दोन रेघा ओढल्या. थोरला. धाकटा.

थोरला रिंगा कधी चुकला नाही.

पेन्सिल मी खाली ठेवली. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. माझ्या काखेत काय होतं ते मला तेव्हा दिसलं. लहानपणी धाकटा झाडाचं खोड हिरवं रंगवायचा आणि पानं तपकिरी. मी हसायचे. मग थोरला त्याच्या खडूंवर नखानं खाचा पाडायला लागला. लाल खडूला एक खाच. मला तो पोरांचा खेळ वाटला होता.

"भाच्याचं नाव तुम्ही अजून कागदावर घेतलेलं नाही ना?" मी विचारलं.

"नाही."

"घेऊ नका."

६

संध्याकाळी मी पिल्लांच्या खोलीत रिंगांचा डबा घेऊन बसले. शेजारच्या अंड्यांच्या कोठीत टिटवी होती, दार किलकिलं. तिनं विचारलं होतं, तुम्हाला जमेल का. मी म्हटलं, जन्म द्यायला जमलं तर हेही जमेल.

"बाळा, जरा ये रे. चष्मा सापडत नाही. यातल्या लाल रिंगा काढून दे."

"डबाच घे ना सगळा," धाकटा हसून म्हणाला.

"लाल तेवढ्याच हव्यात."

"तुझ्या भाच्याला सांग, त्याचे डोळे घारीचे आहेत."

"मी तुला सांगितलंय."

त्यानं मूठभर उचलल्या, दिव्याकडे नेल्या, चार परत टाकल्या. मग माझ्या तळहातावर ठेवल्या. मी एकेक करून टेबलावर मांडत गेले. "लाल. हिरवी. हिरवी. लाल. हिरवी." पदराखालचा चष्मा मी तेव्हा काढून डोळ्यांवर चढवला.

तो हलला नाही.

"त्या दिवशी मोजणी मात्र बरोबर केलीस," मी म्हटलं. "डावीकडे एक जास्त. तार पण नीट पिळलीस."

"आई..."

"गाडीचा दिवा कधी फुटला?"

तो खाली बसला, लहानपणी बसायचा तसा, गुडघे पोटाशी घेऊन. "झेंडी हलत होती, आई. सिग्नल असता तर वरचा दिवा की खालचा, तेवढं कळलं असतं. झेंडीला वर-खाली नसतं. मला वाटलं, हिरवी आहे. तो मध्ये उभा होता."

मागच्या क्रेटमध्ये पिल्लं चिवचिवत होती. 

"दादाला गाडीच्या फुटलेल्या दिव्यावरून कळलं. सकाळी मी बाहेर होतो तेव्हा फोनवर ओरडला, दुपारी शेडमध्ये धरलं. म्हणाला, चल पोलिसांकडे, मी येतो सोबत. त्यानं माझा हात धरला, मी ढकललं. जाळीसकट गेला तो. मी त्याला हाका मारल्या, आई. खूप मारल्या."

"आणि मग कोंबडे मोजलेस."

तो रडत होता.

"आणि तुझी वहिनी?"

"मला वाटलं, पुरावा नाही, सुटेल."

"आणि नसती सुटली तर?"

त्यावर तो काहीच बोलला नाही. तेच त्याचं उत्तर होतं. मला वाटतं, तो गप्प बसला नसता, तर मी कदाचित मऊ पडले असते.

"हे माझ्यातच का आलं?" शेवटी तो म्हणाला. "दादात का नाही?"

"डोळे मी दिले," मी म्हटलं. "हात तुझे होते."

कोठीचं दार उघडलं. टिटवीनं त्याला उठवायला हात पुढं केला. जाताना त्यानं वळून बघितलं, मी काही म्हणेन म्हणून. मी रिंगा गोळा करत होते. लाल एका बाजूला, हिरव्या एका बाजूला. मला काहीतरी करायलाच हवं होतं.

७

सून परत आली ती थेट शेडमध्ये गेली. सगळे कोंबडे एकेक करून धरले, पाय बघितले, ज्याचे त्याच्या कप्प्यात सोडले. मी जाळी धरून उभी होते. तिनं मला मिठी मारली नाही आणि मीही तिला जवळ घेतलं नाही. आमच्यात ती रीत नाही.

काम संपल्यावर म्हणाली, "तुम्ही गप्प बसला असता तर कोणाला काही कळलं नसतं."

"तुला कोण सोडवणार होतं मग?"

"तुम्हाला मी कुठं आवडते?"

"नाहीच आवडत," मी म्हटलं. "त्याचा इथं काय संबंध?"

तिनं हात धुतले. एक हात पाठीमागे वळवून खांद्याखाली खाजवायचा प्रयत्न केला, पोचला नाही. मी काठी भिंतीला लावली आणि तिला म्हटलं, "वळ."

ती वळली. मी खाजवत राहिले.

ती आखूड पिसांची खेप मी टाकली नव्हती. सगळी पिल्लं मागच्या पडवीत ठेवली होती. भाचा म्हणाला, "आत्या, निम्म्याहून जास्त नर असतील यात, फुकट खातील." मी म्हटलं, बाकीच्या माद्या असतील, ते बघ. भाचा माझ्याशी अजून तुटक बोलतो. बोलू दे, त्याचा हक्क आहे.

धाकट्याला मी महिन्यातून एकदा भेटते. मध्ये काच असते. तो कोंबड्यांचं विचारतो, मी सांगते. झेंडीवाल्याच्या घरी मी एकदा गेले होते. त्याची आई माझ्याच वयाची निघाली. तिनं दार उघडलं, मी कोण ते सांगितलं, तिनं दार लावलं. बरोबर केलं.

परवा सकाळी सून मागच्या पडवीतून ओंजळ धरून आली. नर म्हणून टाकायला निघालेल्या त्या पिल्लांपैकी एकीनं अंडं घातलं होतं. पहिलंच. पहिलं अंडं लहान असतं, आणि कवचावर बरेचदा रक्ताची रेघ असते. तिनं ते माझ्या तळहातावर ठेवलं.

अजून गरम होतं.